अठ्ठावीस पोरांसाठी किती पैसे घालायचे?

पत्र

आदरणीय मॅडम,

मी राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. गाव आमच्यापासून दोन किलोमीटर खाली. ग्रामपंचायत एकच, पण जिल्हा परिषदेच्या शाळा दोन. गावातल्या विद्या मंदिरात सातवीपर्यंत १४२ मुलं आहेत. आमच्या वाडीच्या विद्या मंदिरात चौथीपर्यंत २८ मुलं आणि दोन शिक्षक. माझी मुलगी तिसरीत आहे.

गेल्या वर्षी पालकसभेत 'एक बाई पाहिजे' म्हणून मला शाळा व्यवस्थापन समितीची उपाध्यक्ष केलं. मी बारावी शिकले आहे. पण बैठक अशी होतच नाही. वही घरी येते, मी सही करते. दोन खोल्यांतली एक इतकी गळते की जूनपासून चारही वर्ग एकाच खोलीत भरतात. मुलींचं शौचालय आहे, पण त्यात पाणी नाही. यंदा गावातल्या शाळेला नवी कमान झाली. थोडे पैसे ग्रामपंचायतीचे, थोडे मुंबईकर मंडळींच्या वर्गणीचे. आता तिथंच स्टेज बांधणार आहेत. मी ग्रामपंचायतीत विचारलं, तर एक सदस्य हसून म्हणाले, "वहिनी, अठ्ठावीस पोरांसाठी किती पैसे घालायचे?" मला उत्तर सुचलं नाही.

सासरे म्हणतात, गावात वैर घेऊ नको, आपलं सोसायटीचं कर्ज आहे, दूध संस्था त्यांचीच. आमचे गुरुजी चांगले आहेत, त्यांच्यावर काही बालंट येऊ नये. मला हे विचारायचा अधिकार आहे का? असला तर सुरुवात कुठून करू?

वाडीवरची एक आई

उत्तर

ताई,

आधी त्या सदस्यांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो तुम्हाला लागलाय आणि त्याचं उत्तर आकड्यांतच आहे.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं, ते पटावर ठरतं. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार रुपये, ३१ ते १०० असेल तर २५ हजार, १०१ ते २५० असेल तर ५० हजार. हा निकष झाला. हातात येणारी रक्कम मंजुरीप्रमाणे कमी-जास्त होते आणि हप्त्यांत येते. आता भागाकार करा. गावातल्या शाळेत एका मुलामागे साधारण ३५२ रुपये पडतात, तुमच्या वाडीत ३५७. म्हणजे कागदावर बघितलं तर सगळं रास्त आहे, उलट तुम्हालाच पाच रुपये जास्त.

पण छप्पर काही मुलं मोजून गळत नाही. एका खोलीची कौलं, रिपा, वासे बदलायला जो खर्च येतो, तो त्या खोलीत १४ मुलं बसली काय आणि ४० बसली काय, तेवढाच. विजेचं बिल, फिनेल, खडू, पाण्याची टाकी धुणं, यांतलं बरंचसं शाळेमागे लागतं, मुलामागे नाही. गावातल्या शाळेला ५० हजारांतून विजेचं बिल भागवून काही उरतं. तुमच्या गुरुजींना १० हजारांत वर्ष काढायचं असतं, त्यातलेही किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचा नियम आहे. 'मुलामागे सारखे पैसे' हे ऐकायला न्यायाचं वाटतं, आणि लहान शाळा त्याच न्यायाने दरवर्षी मागे पडते.

यात आणखी एक गाठ आहे. खोली गळते म्हणून चार वर्ग एकत्र बसतात. चार वर्ग एकत्र बसतात म्हणून ज्याला परवडतं तो पालक पिवळ्या गाडीने मुलगा इंग्रजी शाळेत पाठवतो. पट घटतो. पट घटला की 'एवढ्या पोरांसाठी कशाला' हे म्हणणाऱ्याला जोर चढतो, आणि २० च्या खाली गेला तर समूह शाळेची, म्हणजे लहान शाळा एका मोठ्या शाळेत मिसळायची, कुजबुज सुरू होते. याउलट तुमचा पट ३ नी वाढून ३१ झाला, तर अनुदानाचा निकष १० हजारांवरून थेट २५ हजारांवर जातो. पुढच्या पालकसभेत हे नक्की सांगा. वाडीतली तीन घरंसुद्धा ऐकतील.

त्या सदस्यांना द्यायचं उत्तर मात्र वेगळं आहे, आणि ते त्यांच्या फायद्याचं आहे. तुमची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला तुमची मुलं कुठं जातात? गावात. चार वर्गांत २८ म्हणजे वर्षाला सुमारे सात मुलं गावातल्या पाचवीत येतात. ती आली नाहीत तर तीन वर्षांत त्यांच्या पाचवी ते सातवीचा पट वीसेकाने उतरेल, आणि शिक्षकांची पदं पटावरच मंजूर होतात. वाडीची शाळा टिकणं ही गावातल्या शाळेची गरज आहे. हे भांडून सांगायचं काम नाही. शांतपणे, पट घेऊन सांगायचं.

आता अधिकाराचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याचं कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीबद्दल आहे. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या सदस्य महिला हव्यात. 'एक बाई पाहिजे' म्हणून तुम्हाला घेतलं असेल तर पालकसभेचं गणितच कच्चं आहे, निम्म्या बायका पाहिजेत. त्याच कलमात समितीची कामं दिली आहेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करून शिफारस करणं, आणि सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून किंवा 'इतर कोणत्याही मार्गाने' आलेल्या पैशाचा वापर बघणं. शेवटचे शब्द लक्षात ठेवा. वर्गणी त्यातच येते. पुढचं कलम २२ सांगतं की शाळेला द्यायच्या अनुदानाचा आणि योजनांचा आधार हा आराखडाच असेल.

तेव्हा तुम्हाला विचारायचा अधिकार आहे का, या प्रश्नाला मी 'आहे' एवढंच म्हणणार नाही. ते तुमच्यावर सोपवलेलं काम आहे आणि सध्या ते होत नाहीये. महिन्याला एक बैठक व्हायला हवी. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात, बँकेतल्या खात्यावर त्यांच्याबरोबर अध्यक्षांची सही लागते. वही घरी फिरते म्हणजे निर्णय दुसरीकडे कुठेतरी झालेला असतो आणि तुमची सही त्याला नंतर चिकटवली जाते.

ही सवय मोडायला भांडण लागत नाही. पुढच्या वेळी वही आली की म्हणा, "ठेवा, वाचते, उद्या शाळेत येऊन सही करते." आणि खरंच जा. कोऱ्या पानावर किंवा मजकुराखाली मोकळी जागा सोडलेल्या पानावर सही करू नका. गुरुजी चांगले आहेत म्हणता, मग तर हे त्यांच्यासाठीही बरं. उद्या तपासणीत कोणी बोट ठेवलं, तर समितीने वाचून मंजूर केलेला खर्च त्यांच्या पाठीशी उभा राहतो. त्यांना एवढंच विचारा: चालू वर्षाचा शाळा विकास आराखडा दाखवा आणि यंदाच्या अनुदानाचा जमाखर्च दाखवा. आराखडा तीन वर्षांचा असतो, त्याचे वर्षवार भाग असतात. पुष्कळ शाळांत तो मागच्या वर्षाचा जसाच्या तसा उतरवलेला असतो, तारीख तेवढी नवी. तसं दिसलं तर चिडू नका. एकेका शिक्षकाने किती रकाने भरायचे यालाही मर्यादा आहे.

आता सगळ्यात महत्त्वाच्या कागदाकडे येते, ज्याच्याबद्दल पालकांना कोणी फारसं सांगत नाही. यू-डायस. प्रत्येक शाळेची माहिती दरवर्षी या प्रणालीत भरली जाते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळांचा अकरा अंकी क्रमांक २७३४ ने सुरू होतो. त्यात वर्गखोल्यांचे रकाने आहेत: सुस्थितीतल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती. शौचालयं किती, त्यांतली वापरात किती, पाणी आहे का, हेही त्यात विचारतात. वर बसलेले अधिकारी खोल्यांची आणि दुरुस्तीची यादी करतात तेव्हा या माहितीकडे बघतात. तुमच्या गळक्या खोलीपुढे तिथे 'सुस्थितीत' असं पडलं असेल, तर तुम्ही ग्रामपंचायतीत कितीही घसा कोरडा केला तरी वरच्या कागदावर ती खोली गळतच नाही.

असं का होतं? कधी मागच्या वर्षीची माहिती तशीच पुढे सरकते. कधी मुख्याध्यापकांना वाटतं, मोठी दुरुस्ती लिहिली तर चौकशी लागेल, खोली बंद करा म्हणतील, मग मुलं बसवायची कुठं? ही भीती खोटी नाही. म्हणून गुरुजींशी बोलताना 'तुम्ही चुकीचं भरलं' असं म्हणायचं नाही. म्हणायचं, "गुरुजी, यंदा माहिती भरताना समितीतले दोघं तुमच्याशेजारी बसतो. खोलीबद्दल समितीचा ठराव करून देतो, म्हणजे एकट्यावर येणार नाही." शाळेचं प्रगतिपत्रक यू-डायसच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. तुमच्या फोनवर आधी तुमची शाळा उघडा, मग गावातली. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बोलायला मुद्दे आपोआप मिळतील.

खोलीचे फोटो काढा. पाऊस चालू असताना, भिंतीवरचे ओघळ दिसतील असे, तारखेसह. फोटोंबरोबर समितीचा ठराव आणि एक पानी अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत बांधकाम उपविभागाला. अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत गेला तर उत्तम, पण पंचायत समितीत स्वतः जाऊन आवक शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला असं समजू नका. अर्जात 'दुरुस्ती करावी' एवढंच लिहून भागणार नाही. 'अभियंत्यांनी पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावं' अशी मागणी करा. अंदाजपत्रकाशिवाय पुढची एकही मान्यता मिळत नाही. अभियंत्यांनी खोली दुरुस्तीपलीकडे गेली असं सांगितलं, तर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, म्हणजे जुनी खोली कागदोपत्री मोडीत काढायची आणि मगच नवी मागायची. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक शाळा नवी खोली मागत राहतात आणि जुनी पडकी खोली हिशेबात 'आहे' म्हणून मोजली जाते.

एक गोष्ट मात्र थांबणारी नाही. ज्या खोलीचे वासे कुजलेत किंवा भिंत फुगली आहे, तिच्यात आणि तिच्या पडवीत मुलं बसू-खेळू देऊ नका. २०२५ च्या जुलैत राजस्थानात झालावाड जिल्ह्यात शाळेचं छत कोसळून ७ मुलं गेली. तुमची मुलं एका खोलीत बसतात ही अडचण आहे, पण ती आजपुरती सुरक्षित अडचण आहे. जागा अपुरी पडत असेल तर समाजमंदिरात किंवा देवळाच्या सभामंडपात दोन वर्ग बसवायचं वाडीनेच ठरवावं, आणि तेही ठरावात लिहावं. त्याने गरजेचा पुरावाच तयार होतो.

आता ग्रामपंचायत. तिथे तुम्ही खर्च झाल्यावर पोचलात, म्हणून हसण्यावारी गेलं. कमान झाली, तिच्यावर बोलून उपयोग नाही. आपल्याकडे गावागावाला कमानींची हौस आहे आणि शाहू महाराजांच्या फोटोला हार घालूनच तिचं उद्घाटन होतं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करून मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरवणारे ते राजे, कमान बघून काय म्हणाले असते कोण जाणे! ते असो. तुम्ही पकडायचा आहे तो पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा. त्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. एप्रिलनंतर कुठल्या कामाला पैसे मिळणार, हे त्या थंडीत ठरतं. स्टेजचं काम अजून 'बांधणार आहेत' अवस्थेत आहे, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आलात.

पैशांच्या वाटा समजून घ्या, म्हणजे कोणी 'त्यातून बसत नाही' म्हटलं तर गप्प बसावं लागणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीची वाटणी अशी ठेवली होती: ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच, आणि ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. तुमच्या मुलींच्या शौचालयाचं पाणी हा उघडउघड पहिल्या प्रकारचा विषय आहे. त्यासाठी कुणाच्या स्टेजचे पैसे काढून घ्यावे लागत नाहीत. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते गेल्या वर्षी कशावर खर्च झाले, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, साध्या आवाजात विचारा. बऱ्याच ठिकाणी या प्रश्नाला लगेच उत्तर मिळत नाही, आणि त्या शांततेतच तुमच्या नळाची सोय होऊन जाते. खोलीची मोठी दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरची असू शकते, इमारत जिल्हा परिषदेची आहे. तिथे ग्रामसभेने शिफारस करायची आणि पैसा जिल्हा परिषद, समग्र शिक्षा किंवा जिल्हा नियोजन समितीकडून मागायचा.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. ती कागदावर उरकली जाते, कारण बायका जात नाहीत. तुम्ही वाडीतल्या बचत गटाच्या बायका घेऊन जा. मुलींच्या शौचालयाला पाणी नाही हे तिथे एखाद्या आजीने सांगितलं तर त्यावर कोणी हसणार नाही. मुख्य ग्रामसभेला गणसंख्या लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतलं जे कमी असेल ते. वाडीची तीस-चाळीस माणसं आली तर सभेचा रंग बदलतो. विषय ऐनवेळी काढू नका. चार-पाच दिवस आधी लेखी द्या, पोच घ्या. मजकूर असा ठेवा:

"वाडीवरील विद्या मंदिराच्या मुलींच्या शौचालयास पाणीजोडणी हे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात अग्रक्रमाने घ्यावे. गळक्या वर्गखोलीच्या मोठ्या दुरुस्तीचा प्रस्ताव पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेकडे पाठवावा. दोन्ही शाळांच्या व्यवस्थापन समित्यांची संयुक्त बैठक वर्षातून एकदा, आराखड्यापूर्वी घ्यावी."

तिसरं वाक्य मी मुद्दाम घातलंय. ते सुटू देऊ नका. सध्या दोन्ही शाळांच्या गरजा कधी एका टेबलावर येतच नाहीत. ज्याची ओळख जवळची, त्याचं काम आधी. गावातल्या शाळेच्या समितीतही तुमच्यासारख्याच आया आहेत. त्यांच्या मुलींना स्टेज हवं असेल, त्यात वाईट काही नाही. एकत्र बसल्यावर यादी एक होते आणि मग आधी काय, नंतर काय हे बोलता येतं. माझा अंदाज आहे, तुमची एका खोलीत दाटलेली मुलं समोरासमोर बघितल्यावर 'आधी स्टेज' म्हणायला फार जणी उभ्या राहणार नाहीत.

वर्गणीबद्दल थोडं. गावातल्या शाळेचे माजी विद्यार्थी मुंबईत, पुण्यात, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत असतील. ते आपल्या शाळेला देतात. वाडीवरून शिकून गेलेली माणसं थोडी, त्यांचे हात आखडते. म्हणजे लोकवर्गणीने शाळा सुधारतात हे खरं, पण जिथे आधीच बरं चाललंय तिथे जास्त सुधारतात. देणाऱ्याला नाव हवं असतं, आणि नाव कमानीवर उठून दिसतं. शौचालयाच्या पाण्याच्या टाकीवर कै. वडिलांचं नाव लिहायला कोण तयार होणार? त्यामुळे देणगीदारांना तुम्ही 'खोली क्रमांक दोन' द्या, नवं छप्पर, दारावर संगमरवरी पाटी, पहिली घंटा त्यांच्या हस्ते. चालेल. पण वर्गणी पालकांच्या गळ्यात बांधू देऊ नका. 'प्रत्येक घरटी पाचशे' असं कोणी ठरवलं तर समितीत नाही म्हणा. शाळा मोफत आहे, आणि घरटी पाचशे म्हटलं की ऊसतोडीला जाणारं घर पालकसभेला यायचंच बंद होतं. आलेली प्रत्येक देणगी पावतीने घ्यायची, जमाखर्च फलकावर लावायचा. तुमच्यापासून सुरू करा, म्हणजे गावातल्या शाळेला तेच विचारताना जीभ अडखळणार नाही.

सासऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ज्या गावात कर्जाची सोसायटी, दुधाची संस्था आणि ग्रामपंचायत एकाच घराभोवती फिरते, तिथे सुनेने सभेत उभं राहणं साधी गोष्ट नाही, आणि त्याचा जाच आधी त्यांना होणार. आपल्या जिल्ह्यात कुठलाही प्रश्न विचारा, आधी 'हिचा गट कुठला' हे बघतात. निवडणूक जवळ असेल तर बघायलाच नको. तेव्हा अर्जावर तुमची एकटीची सही नको. समितीचा ठराव म्हणून द्या, आणि सह्यांत दोन्ही गटांची घरं असू द्या. शक्य झालं तर सभेत विषय एखाद्या आजोबांनी मांडावा, तुम्ही आकडे सांगा. आणि सासऱ्यांनाच विचारा, "मामा, हे कोणाला आधी सांगावं म्हणजे त्यांना राग येणार नाही?" त्यांना गाव तुमच्यापेक्षा जास्त कळतं. सरपंचांना सभेच्या आधी घरी जाऊन भेटायचं त्यांनी सुचवलं, तर जा त्यांच्याबरोबर. काम झालं तर श्रेय सरपंचांना द्या, मोकळ्या हाताने. तुम्हाला नळ हवाय.

माहिती अधिकाराचं मला बरेचजण पहिल्या दिवशी विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत, हे बरं केलंत. २००५ चा हा कायदा उपयोगी आहे. १० रुपये फी, एक विषय, दीडशे शब्दांत अर्ज, ३० दिवसांत उत्तर. पण तुमच्या प्रकरणात तो पहिल्या दिवशी टाकला तर सगळ्यात आधी गुरुजी घाबरतील, आणि तुमच्या बाजूचं एकमेव माणूस बाजूला होईल. समितीची सदस्य म्हणून जे कागद तुम्हाला बसल्या जागी बघायचा हक्क आहे, त्यासाठी अर्ज कशाला? ग्रामपंचायतीने दोनदा लेखी विचारूनही महिला-बालकल्याणाचा हिशेब दिला नाही, अंदाजपत्रक होऊन ते कुठे अडकलं ते कळेना, तर मग टाका. तेव्हा कोणी तुम्हाला भांडखोर म्हणणार नाही.

काय होईल, याचा अंदाज खरा सांगते. पाण्याचं काम वर्षभरात होण्यासारखं आहे. खोलीला यंदा पैसे मिळतीलच असं नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा हे सगळं पुढच्या जूनच्या आत झालं तर तुम्ही नशीबवान. बऱ्याचदा पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायची घाई होते. त्या घाईत पुन्हा वही घरी येईल. तेव्हासाठी समितीने आत्ताच, नोव्हेंबर-डिसेंबरच्या बैठकीत, ठरवून ठेवावं: अनुदान आलं की पहिल्यांदा काय, मग काय. कौलं सरळ करून घेणं आणि पन्हाळ बदलणं एवढं किरकोळ काम शाळा अनुदानातून बसू शकतं, त्याचा दर गावातल्या दोन गवंड्यांकडून लिहून आणा. यादी तयार असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणीतरी आणलेलं रंगाचं बिल शाळेच्या माथी मारलं जात नाही.

ग्रामसभा झाली की आठवडाभरात इतिवृत्ताची नक्कल मागा. सभेत सगळ्यांनी माना डोलावलेला ठराव वहीत उतरताना 'चर्चा झाली' एवढाच उरतो, असं होतं. तुमचा मजकूर तसाच उतरलाय का बघा, ठराव क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिलेल्या अर्जाला तो क्रमांक जोडून स्मरणपत्र द्या. पोच घ्यायला विसरू नका.